हें खेळयंत्र खपेल काय?



गेल्या माघांत माझा भाचा धाराशिवाहून मजकडे आला, तो खिशांत एक घडी केलेला कागद घेऊन. बसस्थानकाजवळ त्यानें एक गाळा पाहून ठेविला होता. तेथें खेळयंत्रांचें दुकान काढावयाचें आणि मुलांनीं तासाच्या हिशेबानें पैसे देऊन खेळावयाचें, असा त्याचा बेत होता. कागदावर सहा यंत्रें, सहा टीव्ही, गाळ्याचें भाडें, वीज, इन्व्हर्टर, सर्व कांहीं मांडलेलें होतें; बेरीज बिनचूक होती; आणि तळाशीं 'पांच महिन्यांत भांडवल वसूल' हे शब्द दोन रेघांनीं अधोरेखिलेले होते. "मामा, हें यंत्र चालेल ना, एवढेंच सांगा," तो म्हणाला. त्याच रात्रीं बहिणीचा फोन आला. पैसे सोनेतारणावर उभे करावयाचे होते, आणि सोनें म्हणजे तिच्या पाटल्या होत्या. ती म्हणाली, "दादा, पोराला एकदम नाहीं म्हणूं नको, पण खरें असेल तें सांग."

मी ज्योतिषी नव्हें. तथापि हाच प्रश्न जगांतील मोठमोठ्या कंपन्यांनीं स्वतःस विचारलेला आहे, आणि त्यांच्या उत्तरांचा इतिहास आतां पन्नास वर्षांचा झाला आहे. तो पाहूं लागल्यावर माझ्या ध्यानांत आलें कीं, भाच्यानें प्रश्नच थोडा चुकीचा विचारला होता. तें कसें, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

वस्तु खपेल कीं नाहीं ही विवंचना धाराशिव जिल्ह्याला नवी नाहीं. ह्याच जिल्ह्यांतील तेर हें गांव म्हणजे प्राचीन काळचें तगर. पहिल्या शतकांत ग्रीक भाषेंत लिहिलेल्या 'पेरिप्लस' नांवाच्या व्यापारी प्रवासपुस्तकांत पैठणाच्या पूर्वेस दहा दिवसांच्या वाटेवर ही पेठ असल्याचें नमूद आहे, आणि येथील कापड गाड्यांवर घालून भडोच बंदरास नेत असत असेंही त्यांत म्हटलें आहे. तेरला हस्तिदंताची एक स्त्रीमूर्ति सांपडली. तिच्याच धर्तीची दुसरी इटलींतील पाँपेई येथें, इ. स. ७९ मध्यें ज्वालामुखीच्या राखेखालीं गडप झालेल्या नगरांत, १९३८ सालीं सांपडली. तगरचा जो व्यापारी गाडी भरी त्याला आपलें गिऱ्हाईक जन्मांत दिसत नसे. समुद्रापलीकडे काय आवडेल ह्याचा अंदाज बांधूनच त्याला माल निवडावा लागे, आणि अंदाज चुकला कीं गाडीचें भाडें अंगावर पडे. माझ्या भाच्याची स्थिति ह्याहून फारशी निराळी नाहीं. फरक इतकाच कीं त्याचें गिऱ्हाईक रोज त्याच्या डोळ्यांसमोरून सायकलवर जातें.

ज्यांच्या घरीं हें यंत्र नाहीं अशा श्रोत्यांसाठीं दोन शब्द. जाहिरातींत ह्याला कन्सोल म्हणतात. आपल्या बाजारांत नुसतें 'व्हिडिओ गेम'. ही एक लहानशी पेटी. ती टीव्हीला जोडावयाची, कळा बसविलेला मुठीएवढा ठोकळा हातांत धरावयाचा, आणि पडद्यावरील चित्रें आपल्या इच्छेनें पळवावयाचीं. पेटी एकदांच घ्यावयाची. खेळ मात्र निराळे विकत घ्यावयाचे. येथेंच ह्या धंद्याची मेख आहे. पेटी बहुधा थोड्या नफ्यानें, कित्येकदां तोटा सोसूनही, विकतात आणि नफा खेळांवर काढतात. खेळ दुसऱ्या कोणी तयार केलेला असला तरी प्रत्येक प्रतीमागें पेटीवाल्याला कांहीं रक्कम मिळते. स्टोव्ह स्वस्त विकावा आणि रॉकेलवर पैसा करावा, तसा हा प्रकार.

त्यामुळें नुसतें यंत्र चांगलें असून भागत नाहीं. विकत घेणारे यावयास हवेत, आणि खेळ रचणारेही यावयास हवेत. घेणारा पाहतो कीं खेळ पुष्कळ आहेत काय. रचणारा पाहतो कीं घेणारे पुष्कळ आहेत काय. दोघेही एकमेकांची वाट पाहतात. लग्नाच्या पंगतींत पहिला पाट कोणी अडविल्याखेरीज बाकीचे उभेच राहतात, तशी कांहींशी अवस्था होते. कोणत्या यंत्राची पंगत बसेल आणि कोणत्याची तशीच उठेल, हें आधीं ओळखणें हेंच ह्या धंद्यांतील भाकीत.

तें किती अवघड आहे, हें सेगा ह्या जपानी कंपनीच्या एका उदाहरणावरून कळेल. 'ड्रीमकास्ट' नांवाचें तिचें यंत्र जपानांत नोव्हेंबर १९९८ मध्यें निघालें आणि ९ सप्टेंबर १९९९ रोजीं अमेरिकेंत विक्रीस आलें. पहिल्या चोवीस तासांत यंत्रें व खेळ मिळून नऊ कोटी ऐंशीं लक्ष डॉलरांहून अधिक विक्री झाली. एका दिवसांत एवढी उलाढाल त्या धंद्यानें तोंवर पाहिली नव्हती. त्या संध्याकाळीं कोणीही भाकीत विचारलें असतें तरी काय उत्तर मिळालें असतें, हें सांगावयास नको. परंतु दीड वर्षांत, मार्च २००१ मध्यें, कंपनीनें तें यंत्र बनविणें थांबविलें आणि घरगुती यंत्रांचा धंदाच सोडून दिला. एकंदर खप सुमारें ९१ लक्ष.

यंत्रांत खोट नव्हती. जाणकार आजही त्याची वाखाणणी करतात. परंतु इलेक्ट्रॉनिक आर्ट्स ह्या मैदानी खेळांच्या मोठ्या अमेरिकन कंपनीनें त्यासाठीं एकही खेळ रचला नाहीं. शिवाय सोनी कंपनीनें आपलें दुसरें प्लेस्टेशन येत असल्याचें मार्च १९९९ मध्यें, म्हणजे ड्रीमकास्ट अमेरिकेंत पोंचण्याच्या सहा महिने आधींच, जाहीर केलें होतें. अर्धे लोक पैसे खिशांत ठेवून थांबले. हें प्लेस्टेशन मार्च २००० मध्यें जपानांत आलें. त्यावर खेळ तर होतेच, पण सिनेमाच्या डीव्हीडीही लागत. म्हणजे ज्या गृहस्थाला मुलाच्या खेळण्यावर पैसे उधळणें मान्य नव्हतें, त्याला घरांत सिनेमा आणल्याचें समाधान मिळे. एकंदर सोळा कोटींहून अधिक यंत्रें खपलीं.

आतां गणिती लोक ह्यावर काय म्हणतात तें पाहूं. फ्रँक बास ह्या अमेरिकन प्राध्यापकानें १९६९ सालीं नव्या घरगुती वस्तूंच्या खपासंबंधीं एक समीकरण मांडलें. त्याचें मर्म सोपें आहे. कोणतीही नवी वस्तु घेणारे लोक दोन जातींचे. एक स्वतः होऊन घेणारे, हे थोडे. दुसरे शेजाऱ्याच्या घरीं पाहून घेणारे. हे पुष्कळ, आणि जितकीं घरें ती वस्तु घेतात तितका ह्यांचा ओघ वाढतो. शेवटीं घ्यावयाचे तेवढे सर्व घेऊन झाले म्हणजे खप उतरूं लागतो. आपल्याकडे मिक्सर, टीव्ही आणि मोटारसायकल अशाच चालीनें घरोघर गेल्या, हें ज्येष्ठ श्रोत्यांस आठवत असेल.

परंतु ह्या समीकरणास तीन संख्या पुरवाव्या लागतात. पहिल्या जातीचा वेग, दुसऱ्या जातीचा वेग, आणि एकंदर किती घरें ती वस्तु अखेर घेतील ती संख्या. खरी अडचण ह्या तिसऱ्या संख्येची आहे. प्रारंभींच्या विक्रीवरून ती विश्वासानें काढतां येत नाहीं. धुक्याच्या सकाळीं बालाघाटाच्या पायथ्याशीं उभें राहिलें तर चढ लागला एवढें पायांना कळतें; माथा किती उंच आहे तें कळत नाहीं. ड्रीमकास्टच्या पहिल्या दिवसाचा आंकडा हा असाच पायथ्याचा चढ होता. सबब तिसरी संख्या भाकीत करणारा दुसरीकडून कोठून तरी आणतो. कधीं मागच्या यशावरून, कधीं देशांतील डोकीं मोजून. आणि बहुतेक सर्व मोठ्या चुका तेथेंच होतात.

मागच्या यशाची गोष्ट अशी. क्योटो शहरांत १८८९ सालीं खेळण्याचे पत्ते बनविण्यासाठीं निघालेली निन्टेन्डो ही कंपनी. तिनें २००६ सालीं 'वी' नांवाचें यंत्र काढलें. प्रतिस्पर्ध्यांच्या मानानें तें दुबळें होतें, आणि हें तर खेळणें आहे असें म्हणून पुष्कळ तज्ज्ञांनीं नाक मुरडलें. परंतु तें रचतांना कंपनीनें एका अशा व्यक्तीचा विचार केला होता जी स्वतः कधीं खेळत नाहीं, ती म्हणजे घरांतली आई. पेटी टीव्हीजवळ अडगळ करील काय, वायरींचा पसारा होईल काय, वीज फार खाईल काय, अशा तिच्या तक्रारी धरून पेटी लहान केली आणि विजेचा खप कमी ठेविला. हातांतला ठोकळा टीव्हीच्या रिमोटसारखा केला, म्हणजे आजोबांनाही भीति वाटूं नये. दहा कोटी सोळा लक्ष यंत्रें खपलीं. मग सहा वर्षांनीं, २०१२ सालीं, त्याच कंपनीनें 'वी यू' काढलें. नांव तेंच, मालक तेच, कीर्ति तीच. खप झाला अवघा एक कोटी छत्तीस लक्षांचा. कित्येक गिऱ्हाइकांस तें नवें यंत्र आहे हेंच कळलें नाहीं. जुन्या पेटीला जोडावयाचें एखादें उपकरण असावें अशी त्यांची समजूत झाली. मागील यशाची रेघ पट्टी लावून पुढें ओढणाराची काय गति होते, ह्याचा ह्याहून चांगला नमुना मला ठाऊक नाहीं.

डोकीं मोजण्याचा मासला आपल्या घरचाच आहे. मुंबईच्या टाटांनीं २००९ सालीं नॅनो मोटार विक्रीस आणली, तेव्हां स्कूटरवर चौघांनीं बसून जाणारीं कुटुंबें डोळ्यांपुढें होतीं. वर्षाला अडीच लाख गाड्या बनविण्याची तयारी केली होती. अगदीं भरभराटीच्या वर्षींही खप पाऊण लाखांच्या आंतच राहिला आणि २०१८ नंतर ती गाडी बनणें थांबलें. कुटुंबें खरीं होतीं, त्यांची गरजही खरी होती. पण सर्वांत स्वस्त मोटार दारांत उभी करण्याची हौस त्यांना नव्हती. उलट किर्लोस्करांचा लोखंडी नांगर पहा. लोखंडानें जमीन विषारी होते अशी शेतकऱ्यांची समजूत असल्यामुळें प्रारंभीं त्याला गिऱ्हाईक मिळेना. पहिल्या हंगामाच्या विक्रीवरून कोणी भाकीत केलें असतें तर किर्लोस्करवाडी वसलीच नसती.

आतां खेळयंत्रें घेऊन आपण धाराशिवाकडे वळूं. मराठवाड्यांतील लहान शहरांत हीं यंत्रें १९९० नंतरच्या दशकांत आलीं. जपानांत १९८३ सालीं निघालेल्या निन्टेन्डोच्या फॅमिकॉम यंत्राच्या त्या नकला होत्या. 'समुराई', 'लिटल मास्टर' अशीं त्यांचीं नांवें. बरोबर मिळणाऱ्या कॅसेटीवर '९९९९ खेळ' असें छापलेलें असे आणि आंत तेच दहा-बारा खेळ फिरून फिरून निघत. यंत्र मूळ किंमतीच्या मानानें स्वस्त होतें. तरी तें घरोघर गेलें नाहीं. कारण घरांत टीव्ही एक, आणि त्याच्यावर हक्क वडिलांचा. बातम्या, आजीची पौराणिक मालिका आणि क्रिकेटचा सामना ह्यांतून उरलेला वेळ मुलांचा. त्यांत वीज गेली कीं तोही संपला. यंत्राची खरी किंमत रुपयांत नव्हती, टीव्हीच्या तासांत होती, आणि ती किंमत घरें देऊं शकत नव्हतीं. म्हणून यंत्र गल्लींतल्या एका दुकानदारानें घ्यावें आणि पन्नास मुलांनीं तासावर खेळावें अशी चाल पडली. कंपनीच्या वहींत तेथें एकच यंत्र खपलें अशी नोंद होते. पन्नास मुलांची आवड त्या वहींत उमटत नाहीं.

दुसऱ्या प्लेस्टेशनच्या वेळींही आपलें पंचांग निराळेंच होतें. पाश्चात्य देशांत तें यंत्र जुनें झाल्यावर येथें त्याचे दिवस आले. हैदराबादेस त्यासाठीं २००९ सालीं 'हनुमान: बॉय वॉरियर' व 'देसी अड्डा' हे खेळ तयार झाले, दुसऱ्यांत कबड्डी, विटीदांडू, पतंग असे आपले खेळ होते. धाराशिव १९४८ पर्यंत ज्या हैदराबाद संस्थानांत होतें त्याच्या राजधानींत विटीदांडू पडद्यावर यावा, ही मला गमतीची गोष्ट वाटते. पुढच्याच वर्षीं मुंबईच्या ट्राइन कंपनीचा गल्लीक्रिकेटचा खेळ आला. त्या वेळीं मूळ यंत्र दहा वर्षांचें झालें होतें, आणि त्याच्यामागून आलेलें तिसरें प्लेस्टेशनही चार वर्षांचें. न्यूयॉर्कच्या पंचांगानें मराठवाड्याचें भाकीत करूं नये तें ह्यासाठीं.

मग एक असें स्थित्यंतर झालें कीं तें खेळयंत्रांच्या कोणत्याच कोष्टकांत नव्हतें. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओची सेवा सुरू झाली आणि इंटरनेट एकाएकीं स्वस्त झालें. दीड वर्षानें, २०१८ च्या मार्चांत, 'पबजी' हा लढाईचा खेळ मोबाइलवर आला, तोही फुकट. सप्टेंबर २०२० मध्यें सरकारनें त्यावर बंदी घातली, परंतु तोंपर्यंत परंड्यापासून उमरग्यापर्यंत पोरांच्या हातांत खेळयंत्र पोंचलेलें होतें. त्याला फक्त कोणी तें नांव देत नव्हतें. फोन घेतला होता अभ्यासाला, कामाला, पावण्यारावळ्यांशीं बोलावयाला. खेळ त्यांत वरकड म्हणून आला. पन्नास हजारांची पेटी आणि वरकडीची फुकट वस्तु ह्यांची ही स्पर्धा होती, आणि तींत टीव्ही कोणाचा हा जुना तंटाही उरला नाहीं.

जाहिरातवाले मात्र डोकीं मोजीत राहतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणें ह्या जिल्ह्याची वस्ती १६,५७,५७६. पैकीं शहरांत राहणारे सुमारें १७ टक्के. त्यांतले तरुण अमुक, त्यांतले हौशी तमुक, असें करीत एक संख्या काढतां येते आणि ती कागदावर फार शोभते. परंतु ह्या जिल्ह्यांत पैसा बारा महिने सारखा खुळखुळत नाहीं. सोयाबीन बाजारांत गेलें कीं दिवाळीच्या आगेंमागें कांहीं आठवडे हात सैल होतो. पाऊस चुकला तर तेवढाही होत नाहीं.

भाच्याला मीं हें सर्व सांगितलें. मग आम्हीं त्याचा कागद पुन्हा उघडला. पांचव्या प्लेस्टेशनची किंमत हिंदुस्थानांत २ फेब्रुवारी २०२१ रोजीं तें येथें आलें तेव्हां ४९,९९० रुपये होती. पुढें २०२२ सालीं ती ५४,९९० झाली. (पूर्वीं हीं यंत्रें जुनीं होत तसतशीं स्वस्त होत, आतां तोही नियम राहिलेला नाहीं.) टीव्ही, खेळ वगैरे धरून एका जागेस त्यानें ८५,००० रुपये धरले होते. तासाला साठ रुपयांप्रमाणें ते वसूल व्हावयास सुमारें १,४१७ तास लागतात. येथवर वाद नाहीं. पण त्यानें प्रत्येक यंत्र रोज दहा तास भरलेलें धरलें होतें, म्हणून १४२ दिवसांत भांडवल सुटत होतें. मीं विचारलें, सकाळीं अकरा वाजतां तुझ्या दुकानांत कोण येणार? मुलें शाळा-कॉलेजांत. येणार तीं चार वाजल्यानंतर, आणि आठला घरून हांका सुरू होणार. दिवसाला चार तास धरले तर तेंच भांडवल ३५४ दिवसांत सुटतें. गाळ्याचें भाडें मात्र चोवीस तासांचें द्यावयाचें, आणि जानेवारीपासून परीक्षा संपेपर्यंत ते चार तासही मिळतील कीं नाहीं ह्याचा भरवसा नाहीं.

म्हणजे यंत्र जगांत खपेल कीं नाहीं ह्याच्याशीं त्याला फारसें कर्तव्यच नव्हतें. त्याला विकावयाचे होते तास. शिवाय फोनवर जें फुकट मिळतें त्यासाठीं कोणी साठ रुपये देणार नाहीं. फोनवर एकट्यानें खेळतां येतें. पण चार मित्रांनीं एका बाकावर खांद्याला खांदा लावून, एकाच मोठ्या पडद्यावर, आरडाओरडा करीत फुटबॉलचा किंवा क्रिकेटचा सामना खेळणें फोनवर होत नाहीं. तेवढ्यासाठीं मुलें येतील. म्हणून एकट्यानें खेळावयाचे उंची खेळ घेण्यांत त्यानें पैसे घालूं नयेत, आणि ठोकळे मात्र जास्त घ्यावेत, असें मीं सुचविलें.

यंत्रांविषयीं म्हणालों, सहा नकोत, दोन घे. तो हिरमुसला. "मामा, गर्दीच्या वेळीं पोरें परत जातील कीं!" त्याला मीं म्हटलें, जाऊं देत, पण किती गेलीं तें मोज. दुकानांत एक लांब बाक ठेव. सहा यंत्रें असलीं तर रिकामें यंत्र दिसेल, पण आपला अंदाज किती चुकला हें पैसे गेल्यावर कळेल. दोन असलीं तर बाकावर वाट पाहणारीं मुलें तिसऱ्याचें भाकीत रोज संध्याकाळीं फुकट सांगतील. बासच्या समीकरणांतील ती तिसरी संख्या, निदान त्या गल्लीपुरती, अशीच हातीं लागण्याजोगी आहे.

दुकान पाडव्याला उघडलें. दोन यंत्रांपुरते पैसे त्याच्या शिल्लकेंतून आणि थोडे मजकडून निघाले. पाटल्या बहिणीच्या हातांतच आहेत. त्यानें एक वही केली आहे; तींत तारीख, भरलेले तास, वीज किती वेळ गेली, आणि बाकावर किती मुलें बसून परत गेलीं, अशीं चार घरें आखलीं आहेत. मे महिन्याचीं पानें मीं पाहिलीं. शनिवारीं बाकावर सात-आठ मुलें, सोमवारीं एकही नाहीं. तिसरें यंत्र सुटीच्या जोरावर घेऊं नये, जूनमध्यें शाळा उघडल्यावर तीन महिने वही पाहावी, असें त्यानेंच ठरविलें आहे. बहीण फोनवर एवढेंच म्हणाली कीं पोरगा आतां रात्रीं साडेनवाला घरीं येतो आणि जेवतांना वहींतले आंकडे वाचून दाखवितो.